परमिट

चौतीस वर्षं खांबावर चढलो.
आता गच्चीवर चढतो, खाली शिडी धरून बायको.
"पडलासा तर मंडळ काय देणार न्हाई आता," म्हणते,
पण शिडी सोडत नाही.

दस्तगीर मुल्लाच्या बागेतनं आणल्या
ठिबकच्या जुन्या नळ्या, काळ्या, उन्हानं ताठलेल्या.
पैसे घेतले नाहीत त्यानं, एवढंच विचारलं,
"लाइनमनच्या घरात लाइट न्हाई व्हय?"
त्यालाही ठाऊक आहे,
मे महिन्यात मोटर सोडली की
ड्रिपरचं पहिलं पाणी बोट भाजतं.
मणेराजुरीत प्रत्येकानं कधी ना कधी
शिवी देऊन हात झटकलाय.
मी तेवढंच उचललं.

काच तासगावच्या भंगारातली,
बंद पडलेल्या फोटो स्टुडिओची.
कोपऱ्यात अजून लाल अक्षरांत 'अर्जंट पासपोर्ट'.
खोक्याच्या तळाला भुईमुगाची टरफलं दाबून भरली,
वर पत्रा, पत्र्यावर नळीची वेटोळी,
सगळ्यांत उंचावर दोनशे लिटरचा बॅरल, पोत्यांत गुंडाळलेला.

पहिल्या दिवशी सगळी भोकं रडली.
एकशे बारा.
डमी ठोकता ठोकता अंगठ्याचं साल गेलं.
दुसऱ्या दिवशी पाणी हलेना.
नळी चटका देतेय आणि बॅरल गार.
मधलं एक वेटोळं उचललं गेलं होतं, तिथं हवा
फाइल दाबून बसलेल्या क्लार्कासारखी.
खोकं तिरकं केलं. खाली येऊन चहा प्यालो.
मग वरच्या नळीला हात लावला.

पाणी चढत होतं.
मोटर नाही, कमरेला पट्टा नाही,
तापलेलं आपलं आपण वर,
गार गुमान खाली,
कुणाला न विचारता.

मला चढायला परमिट लागायचं.
सबस्टेशनातून नंबर घ्यायचा, वहीत लिहायचा.
लाइन बंद आहे, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं
आणि त्यावर हात ठेवायचा.

सिद्राम जतचा. अठ्ठ्याण्णवची थंडी.
पहाटे सहाला गावभर बादल्यांत कॉइल पडायच्या,
डीपी अडलेल्या म्हशीगत हुंकारायचा
आणि फ्यूज जायचा. रोज.
त्या दिवशी परमिट होतं. नंबरही बरोबर होता.
उलटा सप्लाय कुठून आला
ते चौकशीत निघालं नाही.
आम्ही त्याला खाली घेत होतो तेव्हा
एका न्हाणीतून आवाज आला,
"लाइट कवा येणार? पाणी गार पडाय लागलंय."
त्या माणसाला माहीत नव्हतं.
मीही सांगितलं नाही.

बायकोला वाटतं हे सगळं बिलासाठी.
तेही खरंच.
दर महिन्याचे युनिट ती कॅलेंडरवर लिहिते,
दुधाच्या हिशेबाच्या खाली.

एक चूक राहिली. पाणी तयार होतं दुपारी तीनला,
आणि सकाळपर्यंत नुसतं कोमट.
"तीनला कोण आंघोळ करतंय," बायको म्हणते,
"वरातीतला घोडा?"
पोती वाढवली. भुसा भरला. थोडं जमलं.

पण नोव्हेंबरात, डिपिंग करून परतणाऱ्या बायका
कोपऱ्यावरच्या आमच्या नळाशी थांबू लागल्या.
दिवसभर औषधाच्या पाण्यात घड बुडवून
बोटं पांढरी, सुरकुतलेली, बधिर.
सुगलाबाईनं तोटी सोडली, हात मागं घेतला,
पुन्हा घातला.
"भावजी, जाळ कुठं लावलाय?"
मी वर बोट दाखवलं.
तिनं गच्चीकडं पाहिलं, आभाळाकडं नाही,
आणि इतर सगळ्यांना हाक मारली.
बॅरल निम्मा झाला. त्या रात्री आम्ही गारच पाण्यानं तोंड धुतलं.

आजही सहाला कोपऱ्यावरचा डीपी हुंकारतो.
गीझर, गीझर, गीझर, मी घरं मोजतो अंथरुणातून.
त्यात माझे दोन किलोवॅट नाहीत.
फरक ऐकू येत नाही.
तरी सहाला मी जागा असतो.